शाळेसाठी घर बदलताय? बदलाच!

सगळ्यात आधी अभिनंदन. मूल अजून दुपट्यात आहे आणि तुम्ही मात्र रात्री नकाशावर शाळेभोवती वर्तुळं काढत बसलाय, हेच खरं पालकत्व. कोणी हसलं तर मेन्सियसच्या आईची चिनी गोष्ट तोंडावर फेका, स्मशानाजवळ राहायचे तर पोरगं अंत्यविधी अंत्यविधी खेळायला लागलं, बाजाराजवळ गेले तर दुकानदारी करायला लागलं, मग माउलीने तिसरं घर शाळेजवळ घेतलं आणि पोरगं थेट तत्त्वज्ञ झालं. (तिच्यामागे होम लोन नव्हतं हा मुद्दा गाळायचा.)

आता घर बघताना हवा, उजेड, पाणी असल्या फालतू गोष्टींत अडकू नका. अंतर मोजा. इंग्लंडमध्ये बऱ्याच ठिकाणी ते सरळ रेषेत मोजतात, मधे नदी असो की रेल्वे लाईन, पोर उडतच जाणार असं धरून चालायचं. अर्ज जास्त आले की जवळच्यांना आधी प्रवेश, त्यामुळे कितव्या मीटरवर प्रवेशांची गाडी थांबली तो आकडा दरवर्षी बदलतो. तुम्ही मात्र गेल्या वर्षीच्या आकड्यावर डोळे झाकून विश्वास ठेवा, तुमच्याइतकं हुशार दुसरं कोण असणार, आणि यंदा तुमच्या गल्लीच्या अलीकडेच जागा संपल्या तरी तोवर हप्ते सुरू झालेले असतात म्हणजे निर्णय बदलायचं टेन्शनच नाही.

नियम बदलतील ही भीती? छे! बीजिंगच्या शीचेंग भागात लोकांनी असंच छातीठोकपणे घर घेतलं की शाळा पक्की असं धरलं होतं. 2020 मध्ये सांगितलं गेलं की 31 जुलैनंतर घर नावावर झालं असेल तर ठरावीक शाळेची हमी नाही, आसपासच्या अनेक शाळांपैकी मिळेल ती. अशी गंमत तुमच्या वाट्याला कशाला येईल.

आणि प्रामाणिक असाल तर तुम्हाला काहीच त्रास नाही बरं का. इंग्लंडमधल्या पूल गावच्या कौन्सिलने 2008 मध्ये एका कुटुंबाने शाळेच्या अर्जात दिलेला पत्ता खरा आहे का ते बघायला चक्क त्यांच्यावर पाळत ठेवली, दोन-तीन आठवडे, मुलांसकट. ती पाळत बेकायदा होती हे न्यायाधिकरणाने 2010 मध्ये सांगितलं. तेव्हा पडदे जरा जाडच घ्या.

मुलाला विचारायचं का? वेडे आहात का, त्याला जुन्या बिल्डिंगमधले मित्र आठवतील आणि उगाच फाटे फुटतील.

नव्या घरात गेल्यावर एकच पथ्य. शाळेबद्दल वाईट बोलायचं नाही. गणिताचे सर वर्षभर नसले तरी नाही, वर्गात पाय ठेवायला जागा नसली तरी नाही. शेजारीपण बोलत नाहीत, त्यांनीही तेवढेच पैसे ओतलेत. मूल दहावी झालं की घर विकायला काढा आणि बघायला येणारी बाई पोट सांभाळत जिना चढून आली की पहिलं वाक्य तयार ठेवा, "शाळा ना, एक नंबर!"