एक लवकी, अर्धं तिकीट

परवा भिवापूरहून नागभीडला येताना एसटीत माझ्या मांडीवर एक वाळलेली लवकी, म्हणजे दुधी भोपळा, होती. माहेरून आणलेली, बियासाठी. पिशवीत मावेना, वरच्या फळीवर ठेवली तर पहिल्याच वळणाला कुणाच्या टाळक्यात बसणार, म्हणून मांडीवर घेतली. तेवढ्यावरून पुढचं सगळं महाभारत.

कंडक्टर आला. "बाईले अर्धं तिकीट. बाबाजी पंच्याहत्तरच्या वरचे, त्यायले फुकट. अन् हे कोन्या योजनेत बसते?"

बस हसली. मीही हसले. कंडक्टरच्या विनोदाला हसावंच लागतं, आपले सुटे पैसे त्याच्याकडे अडकलेले असतात. मार्च २०२३ मध्ये बायकांना अर्धं तिकीट झालं तेव्हापासून हा विनोद मी ऐकते आहे. कधी पिशवीवरून, कधी कोंबडीवरून, एकदा तर सासूबाईंवरून. त्या हसल्या नव्हत्या.

खिडकीशी बसलेले बाबाजीही हसले नाहीत. धोतर, पांढरी टोपी, मांडीवर पानसुपारीची चंची. ते लवकीकडे टक लावून बघत होते.

"काय होय हे?"

"लवकी."

"वाळली काऊन?"

"बियाले ठेवली होती."

"मंग खाल्ली काऊन नाई?"

"बियाले ठेवली म्हणून."

"थे समजलं. पन खाल्ली काऊन नाई?"

मी खिडकीबाहेर बघायला लागले. त्या खिडकीत बाबाजीच होते, त्यामुळे उपयोग झाला नाही. त्यांनी परवानगी न विचारता लवकी उचलली, कानाशी धरली, डोळे मिटले आणि हलवली. पुन्हा हलवली. मागच्या बाकावरची माणसं बोलायची थांबली.

"दोनशे," ते म्हणाले.

"काय दोनशे?"

"बिया. दोनशेच्या वरच हायेत. पोचट नाई एकबी." मग त्यांनी बोटाच्या पेराने लवकीवर टकटक केलं. वरून, खालून, कुशीत. चेहरा एकदम उजळला. "बाई, हे तं बोलते!"

बाबाजी भजनी मंडळातले निघाले. त्यांच्या एकतारीचा तुंबा, म्हणजे खालचा वाळलेला पोकळ भोपळा, घुशीने फोडला होता, आणि तेव्हापासून ते मनाजोगता तुंबा शोधत होते. आता देवानेच माझ्या मांडीवर पाठवला, असं त्यांचं मत. त्यांनी लवकीवर ठेका धरला आणि एक अभंग सुरू केला. दुसऱ्या कडव्याला ड्रायव्हरने आरशातून मागे पाहिलं. तिसऱ्याला पुढच्या सीटवरच्या दोन बायांनी टाळ्या धरल्या. माझ्या वहिनीची वर्षभराची मेहनत विठ्ठलाच्या नावाने बडवली जात होती, आणि मीच एकटी तोंड वाकडं करून बसले म्हणून नास्तिक ठरत होते.

मेहनत म्हणते ती उगाच नाही. लवकी बियाला ठेवणं म्हणजे नुसतं तोडायचं विसरणं नव्हे, पण लोकांना तसंच वाटतं. बहुतेक घरांत चांगलं चांगलं खाऊन होतं आणि वेलाच्या शेंड्याला शेवटी उरलेलं, वाकडंतिकडं, किडकं फळ बियाला सोडतात. मग पुढच्या वर्षी वाकडंतिकडंच येतं आणि म्हणतात, घरच्या बियात दम राहिला नाही! वहिनी उलट करते. वेल जोमात असताना लागलेलं सरळ, भरदार फळ हेरते, त्याला लाल चिंधी बांधते आणि घरात जाहीर करते की याला हात लावला तर हात राहणार नाही. मग देठ सुकेपर्यंत, नख रुतेनासं होईपर्यंत पहारा. वानरांपासून, पाहुण्यांपासून आणि मुख्य म्हणजे माझ्या भावापासून. त्याला लवकी-चण्याची डाळ फार आवडते.

"बिया तुह्या, तुंबा माहा," बाबाजींनी भजन थांबवून प्रस्ताव मांडला.

बोलणं न्यायाचं होतं, हे मला कबूल करावं लागलं. मी म्हटलं, नागभीडला उतरू, तिथे फोडू. पण बाबाजींना आधीच्याच फाट्यावर उतरायचं होतं. त्यांनी चंचीतून अडकित्ता काढला.

चालत्या एसटीत, त्या रस्त्यावर, सुपारीच्या अडकित्त्याने लवकीचा देठ कापणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला. लोक सल्ले द्यायला लागले. एकाने चाकू आहे सांगितलं, पण तो डिक्कीतल्या सामानात होता. कंडक्टर वाकून बघत होता, तिकिटं राहिली बाजूला. देठ "कट्" करून तुटला, बाबाजींनी लवकी उलटी केली, आणि नेमका तेव्हाच स्पीडब्रेकर आला.

आख्खी बस बिया वेचायला वाकली. माझं मन भरून आलं, माणुसकी अजून आहे वगैरे. मग माणसं सरळ झाली, आणि पाहते तर सगळ्यांच्या मुठी मिटलेल्या.

"चार ठेवतो हो मावशी, वाडीत लावाले."

"माह्या पोरीले पायजे होत्या."

कंडक्टरने त्याच्या खाकी खिशात टाकल्या, तिकिटाच्या मशीनशेजारी. मागून एका कॉलेजच्या पोराने विचारलं, "मावशी, हे बी सर्टिफाइड हाये का? असं बी वाटाले लायसन लागते." त्याच्याही मुठीत बिया होत्या. मी त्याला सांगितलं, बाबू, २००१ चा कायदा आहे पिकांच्या वाणांचा आणि शेतकऱ्याच्या हक्कांचा. शेतकरी आपलं बी ठेवू शकतो, पेरू शकतो, देऊ-घेऊ शकतो, विकूही शकतो, फक्त कंपनीसारखं ब्रँड लावून नाही. तो म्हणाला, "मंग ठीक हाये," आणि मूठ खिशात घातली.

आता मला राग येतो तो इथे. वर्षभर माझ्या दारावरून जाणारा प्रत्येक जण थांबून सांगतो, काकू, दोडकं निबर झालं ना. जसं काही मला दिसतच नाही. भेदराचं, म्हणजे टोमॅटोचं, बी गर निघून जावा म्हणून वाटीत दोन-तीन दिवस आंबत ठेवलं की घरातले नाक दाबून फिरतात. आणि मृग लागला की हेच लोक वाटी घेऊन दारात, थोडंसं बी देजो. देते. सासूबाईंचा दंडक आहे, बियाला नाही म्हणायचं नाही. पण परत आणून देणारा एक नाही. तोच माणूस कृषी केंद्रातून उधारीवर पाकीट आणतो, ते उगवलं नाही तर पावसाला शिव्या देतो. माझं उगवलं नाही तर माझ्या अंगणात येतो. वरोऱ्याकडच्या नणंदेकडे तर घरची सरकी हा विषयच संपला. २००२ मध्ये बीटी कापसाचं बी आलं, आता कंपनीच्या पाकिटाशिवाय पेरणी नाही.

आणि हे सगळं कुठे, तर नागभीड तालुक्यात! याच तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे या शेतकऱ्याला १९८३ मध्ये बांधीत धानाच्या काही वेगळ्याच लोंब्या दिसल्या. त्यांनी त्या खुडून जपल्या, पेरल्या, पुन्हा निवडल्या. त्यातून जो तांदूळ झाला तो देशभर गेला. व्यापाऱ्याने त्याला नाव दिलं एचएमटी, तेव्हाच्या घड्याळाचं. दादाजींचं नव्हे. २०१८ मध्ये ते गेले, हलाखीतच. त्यांच्या नावाचा तांदूळ मागून बघा दुकानात, मिळतो का.

बाबाजी फाट्यावर उतरले, तुंबा पोटाशी धरून. माझ्या ओटीत आल्या त्या बिया, आणि त्यांच्यात शेंगदाण्याची टरफलं, एक शर्टाचं बटण. गाडी हलणार तेवढ्यात ते खिडकीशी आले.

"बाई, एक इचाराचं रायलं. कडू तं नाई निंगन ना?"

बस एकदम शांत झाली. सगळ्या मुठी माझ्याकडे बघायला लागल्या.

आता काय सांगू? वहिनीच्या वेलाची लवकी गोडच होती. पण तिच्या कुंपणापलीकडे कडू तुंब्याचा, म्हणजे कडू जातीच्या लवकीचा, वेल आहे. लवकीचं पांढरं फूल संध्याकाळी उमलतं, त्याच्यावर पाखरं, माश्या येतात, त्या कुठून आल्या हे विचारून बसत नाहीत. परागकण तिकडचे लागले तर हे फळ गोडच राहतं, कडूपणा निघतो पुढच्या वेलाला. वहिनी संध्याकाळी मादी फुलाला हाताने पराग लावून कापड बांधते, पण भावाच्या हातात कधी काय येईल याचा भरवसा नाही. हे सगळं खिडकीतून ओरडून सांगायचं?

"पयले फोड जिभेले लावून पाहाजा," मी म्हटलं. "कडू लागली तं थुका अन् फेका. खाऊ नोका, बाधते."

"म्हंजे गॅरंटी नाई," मागून कॉलेजचं पोरगं म्हणालं.

कंडक्टरने खिशातून बिया काढून एकदा निरखल्या, पुन्हा ठेवल्या आणि मला विचारलं, "मावशी, तुमचं गाव कोनतं म्हनलं? म्हंजे, कडू निंगाली तं कोनाले इचारायचं?"

माझे सुटे दोन रुपये मात्र त्याने अजून दिलेले नाहीत.