सुरुवात 'मेल्ट'पासून करा

'यंत्राच्या गाण्यात भाव कुठला?' हे हात्सुने मिकूवरच्या लेखातलं वाक्य काही पटलं नाही. हात्सुने मिकू हे सापोरोच्या क्रिप्टन कंपनीने २००७ साली आणलेलं, गाणं गाणारं सॉफ्टवेअर. त्यातल्या आवाजाचे नमुने साकी फुजिता या अभिनेत्रीचे. शब्द, चाल, कुठलं अक्षर किती ताणायचं हे सगळं माणूसच ठरवतो की!

नवख्यांनी जपानी संगीतकार र्‍योचं 'मेल्ट' हे मिकूने गायलेलं गाणं ऐकावं. मुलगी हिंमत करून कपाळावरचे केस कापते, का तर 'त्याने', म्हणजे आवडत्या मुलाने, त्याबद्दल विचारावं म्हणून. मग पाऊस, एकच छत्री... बस्स, एवढंच. पण ऐकताना आवाज खोटा आहे हे विसरायला होतं.

त्यानंतर संगीतकार वोवाकाचं 'रोलिंग गर्ल'. पियानो नुसता धावत सुटतो आणि ती पुन्हा पुन्हा म्हणत राहते, 'आणखी एकदा, आणखी एकदा'. इथे मिकूचा तो सपाट, दम न लागणारा आवाजच अंगावर येतो. कसलेल्या गायिकेने हेच गळा काढून गायलं असतं तर मला नाही वाटत इतकं लागलं असतं. वोवाका २०१९ मध्ये गेला, फार लवकर.

मिकूचा चिरका सूर सोसवत नसेल तर मेगुरिने लुका या अशाच दुसऱ्या सॉफ्टवेअर-आवाजाचं 'जस्ट बी फ्रेंड्स' लावा, आवाज खालच्या पट्टीतला आहे. आणि जपानी गायक केन्शी योनेझुचे चाहते असाल तर त्याने 'हाची' या नावाने केलेलं 'मात्र्योश्का' चुकवू नका. धिंगाणा आहे नुसता!

फक्त मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका, डोकं उठेल. हेडफोन लावा.