पन्नास ग्रॅमांचं व्रत

कोल्हापुरात माणसाला काहीही सोडता येतं. तंबाखू सोडली तर लोक पाठ थोपटतात, नोकरी सोडली तर चौकशी करतात, पक्ष सोडला तर हार घालतात. पण भाकरी सोडली असं कळलं की क्षणभर गप्प होतात आणि मग आवाज उतरवून विचारतात, "काय म्हणतायत डॉक्टर? काही आशा?"

मला काहीही झालं नव्हतं. ऑफिसच्या वार्षिक तपासणीत ट्रायग्लिसराइड नावाचा, रक्तातल्या चरबीचा एक आकडा लाल अक्षरात छापून आला होता आणि नर्सबाईंनी पोटाभोवती टेप फिरवून "श्वास सोडा, सोडा, अजून सोडा" असं बजावलं होतं. भारतीय पुरुषाचा घेर ९० सेंटीमीटरच्या आत हवा म्हणे. तो बॉडी मास इंडेक्सही, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, गोऱ्या माणसाला २५ पर्यंत माफ, आपल्याला २३ लाच टोकतात. सगळीकडे आरक्षण आणि सवलती, इथं मात्र आपल्यालाच दोन गुण कमी. कारण असं सांगतात की आपली चरबी हातापायांवर पसरण्याऐवजी पोटात जाऊन बसते. भारतीयांच्या कॅलरींपैकी सुमारे ६२ टक्के कार्ब्जमधून, म्हणजे पिठूळ-गोड पदार्थांतल्या कर्बोदकांतून, येतात असं आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या पाहणीत निघालंय. आमच्या घरी बेंदराच्या दिवशी ही पाहणी केली असती तर तो आकडा नव्वदीला गेला असता.

आहारतज्ज्ञ म्हणून जी मुलगी समोर बसली होती ती माझ्या मुलीपेक्षा चारेक वर्षांनीच मोठी असेल. "काका," ती म्हणाली, "मटण चालेल, अंडी चालतील, तूप चालेल, शेंगदाणे चालतील, पनीर चालेल." मी तिच्या पाया पडायच्या बेतात होतो. मग तिनं कागद उलटला. भाकरी, चपाती, भात, पोहे, बटाटा, साखर, गूळ बंद. डाळीत प्रथिनं असतात हे खरं, पण कोरड्या तूरडाळीत निम्म्याहून जास्त कार्ब्जच असतात, म्हणून डाळ मोजून. दिवसाचे कार्ब्ज ५० ग्रॅमच्या आत.

घरी येऊन हिशेब मांडला. एका चपातीत पंधरा ते वीस ग्रॅम. वाटीभर भातात पस्तीस-चाळीस. म्हणजे एक चपाती आणि चार घास भात खाल्ला की माझा दिवस सकाळी साडेदहालाच मावळणार.

आईनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला. "मग पिठलं कशाशी खाणार?"

पिठलं पण नाही, बेसन आहे त्यात, असं मी सांगितलं.

"बरं, वांग्याचं भरीत कशाशी?"

नुसतंच.

"नुसतंच?" आईनं माझ्या बायकोकडे पाहिलं. त्या नजरेत सून घरात आल्यापासूनच्या सगळ्या शंका एकत्र झाल्या होत्या. बायको म्हणाली, "माझ्याकडे बघू नका आई, मी काही बोलले नाही त्यांना." त्या दिवसापासून 'कशाशी' हा प्रश्न आमच्या घरात रोज दोन वेळा, ताट वाढताना आणि ताट उचलताना, विचारला जाऊ लागला.

कागदावर चालणाऱ्या भाज्यांची यादी होती. त्यातली ब्रोकोली आणि झुकिनी घ्यायला कपिलतीर्थ मार्केटात गेलो तर भाजीवाल्या मावशींनी यादी हातात घेऊन दूर धरून वाचली आणि म्हणाल्या, "ही नावं हाटेलातल्या पोरांस्नी ईचारा. माझ्याकडं दोडका हाय." नीट पाहिलं तर यादीचा उरलेला भाग दोडका, पडवळ, दुधी, कारलं, शेपू, घोसाळी असाच होता. म्हणजे लहानपणापासून ज्या ज्या भाजीसाठी मी मार खाल्ला, ती ती भाजी लो-कार्ब निघाली. आणि ज्यांच्यावर माझा जीव, ते बटाटा, रताळं, मका, सुरण दुसऱ्या यादीत. एवढी नेमकी यादी माझ्या आईलाही करता आली नसती.

सुरुवातीला वजन मात्र असं झपाट्यानं उतरलं की मी ऑफिसात पँटचा पट्टा ओढून दाखवत हिंडत होतो. दोन किलो! मग त्या मुलीनं फोनवर माझा आनंद मोडीत काढला. शरीर साखरेचा साठा ग्लायकोजेन म्हणून यकृतात आणि स्नायूंत ठेवतं, आणि त्याच्या दर ग्रॅममागे तीनेक ग्रॅम पाणी धरून ठेवतं. कार्ब्ज बंद झाले की आधी तो साठा संपतो आणि पाणी निघून जातं. "काका, हे चरबीचं नाही, पाण्याचं वजन आहे." म्हणजे मी पट्टा ओढून दाखवत होतो तो पंचगंगेत चार तांबे ओतून आल्यासारखाच पराक्रम होता.

पाण्याबरोबर मीठही जातं, त्यामुळे डोकं ठणकायला लागलं आणि रात्री पिंडऱ्यांत गोळे येऊ लागले. यावर परदेशातले लोक बोन ब्रॉथ पितात, हाडं उकळून काढलेलं खारट पाणी, विकतच्या डब्यातलं. हे वाचून मला कोल्हापूरचा असल्याचा पुन्हा एकदा अभिमान वाटला. अरे, आमच्या पांढऱ्या रश्शात याशिवाय दुसरं काय आहे? मटणाचं आळणी, नारळाचं दूध, थोडे काजू, तीळ, खसखस. मी तडक खानावळीत गेलो.

ताट आलं. सुकं मटण, तांबडा, पांढरा, कांदा, लिंबू. जिथं भाकरी असते तिथं स्टीलचा नुसता पत्रा चकाकत होता. वाढपी पोरगा भाकरी घेऊन आला, मी हात आडवा धरला. पुन्हा आला, पुन्हा धरला. मग गल्ल्यावरचे मालक उठून आले.

"साहेब, भाकरी कडक झालीया का? दुसरी टाकायला सांगतो."

"नाही हो, भाकरीच नको."

"मग भात सांगू?"

"भात पण नको."

"आन् रस्सा कशाशी खाणार?"

"पिणार."

मालकांनी मुदपाकखान्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पांढऱ्या रश्शाची आणखी एक वाटी स्वतःच्या हातानं आणून ठेवली. "ही माझ्याकडनं. औषध म्हणून घ्या." डोकं मात्र तासाभरात थांबलं, हे कबूल केलं पाहिजे.

ऑफिसात वेगळाच प्रकार. आमच्याकडे डॉ. जगन्नाथ दीक्षितांचे दिवसातून दोनदाच जेवणारे अनुयायी आहेत आणि ऋजुता दिवेकरांचे तूप-भात अभिमानानं खाणारेही आहेत. दोन्ही गटांचं डबा खायच्या टेबलावरून कित्येक वर्षं जमत नव्हतं. मी पनीरचे तुकडे आणि काकडी काढून बसलो आणि दोन्ही पक्ष माझ्याविरुद्ध एक झाले. युत्या अशाही होतात. "हे परदेशी फॅड आहे" यावर एकमत झालं. मी त्यांना विल्यम बँटिंगची गोष्ट सांगितली. हे लंडनमधले अंत्यसंस्काराची व्यवस्था करणारे गृहस्थ, इतके जाड झालेले की स्वतःच्या बुटाची नाडी बांधता येईना आणि जिना उलटं उभं राहून उतरावा लागे. डॉक्टरांनी ब्रेड, साखर, बटाटा, बिअर बंद केली आणि वर्षभरात त्यांचं वीस किलोच्या आसपास वजन उतरलं. १८६३ साली त्यांनी स्वखर्चानं पुस्तिका छापून हे जगाला सांगितलं. म्हणजे फॅडच म्हणायचं तर दीडशे वर्षांहून जुनं. यावर एकानं विचारलं, "त्यांना दारू चालायची का?" वाईन चालायची, हे मी प्रामाणिकपणे सांगितलं. त्यानंतर बँटिंगबद्दल ऑफिसात फार आदरानं बोललं जाऊ लागलं.

असं रडतखडत चाललं होतं आणि श्रावण लागला. आमच्या घरात श्रावण म्हणजे मटण, अंडी, सगळं बंद. उरलं पनीर, शेंगदाणे, दही आणि दोडका. पहिल्या सोमवारी सकाळी मी माझं नेहमीचं घेऊन बसलो. काकडीची कोशिंबीर, वर मूठभर कूट, तुपाची जिऱ्याची फोडणी, बाजूला दही. आई देवघरातून बाहेर आली, ताटाकडे पाहत उभी राहिली. मी 'कशाशी'ची वाट बघत होतो.

"सोमवार धरलास?" आईनं विचारलं.

तोंडात काकडी होती, मी मान हलवली. ती कोणत्या दिशेनं हलली हे माझं मलाही सांगता येणार नाही.

पण घर बदललं. आदल्या दिवसापर्यंत जे ताट बघून आई डोळ्याला पदर लावायची, त्याच ताटाला आता तिनं स्वतः शेंगदाण्याची चटणी वाढली. मुलीला सांगितलं, "टीव्ही बारीक कर, बाबांचा उपवास आहे." दुपारी शेजारच्या काकूंना जिन्यात सांगताना ऐकलं, "शाबूसुद्धा खात नाही हो. नुसती काकडी आणि दही."

तोपर्यंत ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं. आपल्या उपवासाएवढा कार्ब्जचा मारा एरवीच्या जेवणातही नसतो. शाबू म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, १०० ग्रॅममध्ये ८५ च्या वर. त्याला जोड बटाट्याची, रताळ्याची, वरीच्या तांदळाची. त्यात देशी म्हणावं असंही फारसं काही नाही. शाबूचा कंद, बटाटा, रताळं, शेंगदाणा, मिरची हे सगळे अमेरिका खंडातून समुद्र ओलांडून आलेले. कुठल्या पुरोहितानं त्यांना सोवळ्यात घेतलं कुणास ठाऊक, पण गव्हाला जमलं नाही ते त्यांना जमलं. आणि त्याच ताटात, कोपऱ्यात, काकडी, दही, कूट, खोबरं, तूप असं आख्खं लो-कार्ब जेवण गुपचूप बसलेलं असतं. त्याला फक्त डाएट म्हणायचं नाही, एवढंच पथ्य.

मी पथ्य पाळलं. सोमवार महादेवाचा, मंगळवार अंबाबाईचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा, रविवार जोतिबाचा. मध्ये एकादशी, संकष्टी, प्रदोष. शुक्रवार पुन्हा अंबाबाईचाच. बुधवार तेवढा उघडा पडला, त्या दिवशी ऑफिसात काम आहे सांगून उशिरा यायचो. 'कशाशी' घरातून हद्दपार झाला.

गडहिंग्लजहून आत्या आल्या तेव्हा गोष्ट हाताबाहेर गेली. "सोमवार धरलाईस म्हनं? सोळा सोमवार?" मी काही म्हणायच्या आत आई म्हणाली, "हो ना, कडक करतोय." स्वयंपाकघरातून बायको बाहेर आली.

"सोळा सोमवार चांगला जोडीदार मिळावा म्हणून करतात ना?" तिनं अगदी गोड आवाजात विचारलं. "तुम्हाला आता कशाला?"

त्या प्रश्नाचं उत्तर मी अजून देतोय.

गणपतीत मोदकांचं सारण खाल्लं असतं तर निम्मा प्रश्न खोबऱ्यानं सुटला असता, पण गूळ असतोच. गौरीच्या पुरणपोळीबद्दल काही लिहीत नाही. नवरात्र मात्र सोनं! अख्ख्या कोल्हापूरचा उपवास, नऊ दिवस कुणी एका शब्दानं विचारलं नाही. दिवाळीपर्यंत वजन बऱ्यापैकी उतरलं, यावेळी पाण्याचं नव्हे. लाल आकडाही काळा झाला. शिंप्यानं पँट आत घेताना मान हलवत विचारलं, "शुगर निघाली काय?" रस्त्यात भेटणारा प्रत्येक जण हेच विचारतो. पोट सुटलं होतं तेव्हा यातल्या एकानंही कधी माझ्या प्रकृतीची चौकशी केली नव्हती.

आता सोळा सोमवार भरत आले आणि आत्या पुन्हा हजर झाल्या, पिशवीत खपली गव्हाचं पीठ घेऊन. सतराव्या सोमवारी उद्यापन. कणीक, तूप आणि गुळाचा चुर्मा करायचा, तीन वाटे करायचे, एक देवाचा, एक वाटायचा, एक घरचा.

"घरचा म्हणजे घरातल्या सगळ्यांचा ना?" मी विचारलं.

"व्हय. पन आदी बसलेल्यानं खायाचा."

"किती?"

"पोटभर. सोळा सोमवार काकडीवर काढलास लेकरा."

मी बाहेर जाऊन त्या आहारतज्ज्ञ मुलीला फोन लावला. "काका, एक चमचा. फार तर दोन," ती म्हणत होती, तेवढ्यात आत्यांनी मागून येऊन फोन काढून घेतला. कोण बोलतंय, कुठली, जेवलीस का, घरी कोण कोण असतं, सगळं विचारून झालं. शेवटी म्हणाल्या, "आवाजावरनं लई वाळल्यासारखी वाटत्यास. सोमवारी उद्यापनाला ये."

ती येते म्हणाली. आत्यांनी लगेच आईला हाक मारून कणकेचं माप वाढवायला सांगितलं.