'एक मूल झालं की सगळं सुरळीत होतं' या मेसेजला उत्तर

सध्या फॅमिली ग्रुप, सोसायटीचा ग्रुप, शाळेतल्या जुन्या मैत्रिणींचा ग्रुप, सगळीकडे एकच मेसेज फिरतोय, शब्द थोडे इकडेतिकडे करून. त्याचं म्हणणं असं की पाळीत दुखणं बाईला असतंच, सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणजे आजार नाही, लग्न होऊन एक मूल झालं की सगळं सुरळीत होतं, हार्मोनच्या गोळ्या घेतल्या तर पुढे दिवस राहत नाहीत, एंडोमेट्रिओसिस निघालाच तर दुर्बिणीतून एकदा जाळून घ्यायचा की संपला, आणि एवढं करूनही राहिला तर पिशवी काढून टाकायची. शेवटी रोज कीगल, म्हणजे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळायचा व्यायाम, करा असा सल्ला आणि 'प्रत्येक आईने मुलीला पाठवा'. पाठवणाऱ्या बायका काळजीपोटीच पाठवतात हे मला कळतं, पण ज्या मुलीला खरंच त्रास आहे ती हे वाचून अजून काही वर्षं दात ओठ खाऊन सहन करत बसते, आणि हे मला बघवत नाही. मी डॉक्टर नाही. माझ्या भाचीच्या दुखण्यापायी गेली काही वर्षं दवाखाने, रिपोर्ट आणि मिळेल ते वाचन यातच गेली, त्यातून जे नीट कळलंय तेवढंच लिहितेय.

पाळीत दुखतंच, हे अर्धं खरं आहे म्हणूनच जास्त घातक आहे. पहिल्या दिवशी ओटीपोट दुखलं, कंबर धरली, गरम पाण्याची पिशवी घेतली, एखादी मेफ्टाल घेतली आणि कॉलेजला गेली, याला कोणी आजार म्हणत नाही. पण दर महिन्याला कॉलेज बुडतंय, उलट्या होतायत, चक्कर येऊन पडतेय, पाळीच्या दिवसांत शी करताना आतून सुरी फिरवल्यासारखं होतं, लघवीला दुखतं, लग्न झालेल्या बाईला संबंधाच्या वेळी खोलवर दुखतं, आणि हे दुखणं पाळीच्या आधी चार दिवस सुरू होऊन नंतरही रेंगाळतं, तर हे 'असतंच' मध्ये बसत नाही. एंडोमेट्रिओसिसमध्ये गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखा टिश्यू गर्भाशयाच्या बाहेर वाढतो, अंडाशयावर, पोटाच्या आतल्या पातळ पडद्यावर, आतड्यावर, मूत्राशयावर, क्वचित छातीखालच्या पडद्यापर्यंत. तिथे सूज येते, अवयव एकमेकांना चिकटतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने पाळीच्या वयातल्या साधारण १० टक्के मुली-बायकांना हा आजार आहे, म्हणजे जगभरात १९ कोटी. आणि 'एवढ्या लहान वयात कुठे असतं' म्हणणाऱ्यांसाठी, ओटीपोटाच्या दुखण्यामुळे ज्या किशोरवयीन मुलींची दुर्बिणीतून तपासणी झाली त्यांच्यावरचे बरेच अभ्यास एकत्र करून २०१३ मध्ये एक आढावा निघाला, त्यात ६२ टक्के मुलींमध्ये एंडोमेट्रिओसिस सापडला होता. अर्थात या मुली दुखणं जास्त होतं म्हणूनच तिथवर पोचलेल्या, पाळी दुखणाऱ्या सगळ्या मुलींना हा आकडा लावायचा नाही. पण वय लहान आहे म्हणून आजार नसेल असं म्हणायची सोय यानंतर उरत नाही.

आता सोनोग्राफी. आपल्याकडे ती कशी होते सगळ्यांना माहितीये, लिटरभर पाणी प्यायचं, लघवी दाबून बाकावर बसायचं, पोटावर जेल लावून पाच मिनिटांत 'नॉर्मल स्टडी'. यात चॉकलेट सिस्ट असली तर बहुतेक दिसते, म्हणजे अंडाशयात जुनं रक्त साठून झालेली गाठ. पण पडद्यावरचे बारीक ठिपके सोनोग्राफीतही दिसत नाहीत आणि एमआरआयमध्येही बहुतेक वेळा दिसत नाहीत. गर्भाशयाच्या मागे, आतड्याच्या बाजूला खोल रुतलेला आजार दिसू शकतो, पण त्याला योनीमार्गातून केलेली सोनोग्राफी लागते आणि ती करणाऱ्याला नेमकं काय शोधायचंय ते माहीत असावं लागतं. लग्न न झालेल्या मुलीची ही तपासणी आपल्याकडे बहुतेक करतच नाहीत, ते समजण्यासारखं आहे, पण मग रिपोर्टवर 'नॉर्मल' वाचून आईने निर्धास्त होऊ नये, कारण जिथे आजार लपतो ती जागा नीट बघितलेलीच नसते. अशा वेळी एमआरआयचा पर्याय असतो. युरोपातल्या तज्ज्ञांच्या संघटनेने, एशरेने, २०२२ च्या गाईडलाइनमध्ये स्पष्ट लिहिलंय की तपासणी किंवा स्कॅन नॉर्मल आला म्हणून एंडोमेट्रिओसिस नाही असं धरू नये, आणि सीए १२५ या रक्ततपासणीवर निदान करू नये. ही सीए १२५ सर्रास लिहून देतात आणि थोडी वाढलेली दिसली की घरात कॅन्सरच्या नावाने रडारड.

मग कळणार कसं? इथे भाचीला ज्या सर्जन मॅडमनी तपासलं त्यांच्याबद्दल सांगते. आधीच्या तीन ठिकाणी तिचं बोलणं एक मिनिटाच्या पुढे गेलंच नव्हतं, रिपोर्ट बघून 'टेन्शन घेतेस का?' एवढंच. या मॅडमनी रिपोर्ट बाजूला ठेवले आणि एक कागद दिला, त्यावर शरीराचं पुढून-मागून साधं चित्र आणि दोन पेनं, पाळीत जिथे दुखतं तिथे लाल, एरवी दुखतं तिथे निळं. ती लाल करत करत मांडीपर्यंत गेली आणि ओटीपोटाच्या उजव्या बाजूला निळा एकच ठिपका काढला. मग शी, लघवी, झोप, किती पेपर बुडले, कुठली गोळी किती वेळ चालते, सगळं विचारलं. टेबलवर झोपवून त्या निळ्या जागेवर एक बोट दाबून म्हणाल्या, आता फक्त डोकं वर उचल. डोकं उचलल्यावर दुखणं वाढलं. मॅडमनी समजावलं की पोटाचे स्नायू कडक केल्यावर दुखणं वाढलं म्हणजे त्या ठिपक्याचं दुखणं आतल्या अवयवाचं नसून पोटाच्या भिंतीतल्या स्नायूचं किंवा नसेचं असण्याची शक्यता जास्त, ते ऑपरेशनने जाणार नाही. आतली तपासणी करायची का हे तिला विचारलं, माझ्याकडे न बघता, आणि 'नको म्हणालीस तरी आपण दुसऱ्या मार्गाने जाऊ' असंही सांगितलं. ती नको म्हणाली, एमआरआय झाला, त्यात गर्भाशयाला मागून धरून ठेवणाऱ्या बंधांवर एंडोमेट्रिओसिसची एक गाठ दिसली.

त्यानंतरचा प्रश्न होता, 'तुला यातून काय हवंय?' भाची म्हणाली, मला परीक्षेला बसता आलं पाहिजे. सर्जन असूनही मॅडमनी त्या दिवशी ऑपरेशनची तारीख दिली नाही. गोळी, फिजिओ आणि काही महिन्यांनी पुन्हा भेट, हे ठरलं, ऑपरेशन कधी लागेल आणि कशासाठी लागेल तेही सांगितलं. पेशंटला मधोमध ठेवून उपचार करणं म्हणजे मला तरी हेच वाटतं. गोड बोलण्याच्या पुढची गोष्ट आहे ही, कारण त्या कागदावरचा निळा ठिपका विचारलाच नसता तर उद्या ऑपरेशन होऊनही तिथे दुखत राहिलं असतं आणि सगळे म्हणाले असते, बघा, हिचं मानसिकच होतं.

लग्न आणि मूल यावर फार लिहीत नाही. गरोदरपणात पाळी बंद असते म्हणून काहींना बरं वाटतं, सगळ्यांना नाही, आणि पाळी सुरू झाली की दुखणं बऱ्याच जणींचं परत येतं. नुसता आजार बरा व्हावा म्हणून मूल होऊ द्या असं सांगू नये हे एशरेच्या त्याच गाईडलाइनमध्ये आहे. शिवाय या आजारात काही बायकांना दिवस राहायलाच अडचण येते, तिला औषध म्हणून मूल सांगणं किती क्रूर आहे याचा विचार करा. आणि संबंधाच्या वेळी दुखणाऱ्या मुलीचं 'बरं होईल' म्हणून लग्न लावून देणं, यावर मी काय बोलू.

गोळ्यांची भीती मात्र मला समजते, कारण नीट कोणी सांगतच नाही. डायनोजेस्ट ही हार्मोनची गोळी रोज २ मिलिग्रॅम किंवा गर्भनिरोधक गोळ्या, किंवा मिरेनासारखी हार्मोनवाली कॉपर-टी म्हणतात ती, यांनी आजार मुळासकट जात नाही, पण तो दबतो आणि दुखणं बऱ्याच जणींचं कमी होतं. गोळी चालू आहे तोवर दिवस राहण्याची वाट बघायची नाही, बंद केली की पाळी परत येते, गोळीने वंध्यत्व येत नाही. डायनोजेस्टवर सुरुवातीचे काही महिने अधूनमधून अंगावरून जातं, काहींचा मूड फार खाली जातो, जास्त वर्षं घ्यायची तर हाडांकडे लक्ष ठेवावं लागतं. हे आधी सांगितलं तर मुलगी दुसऱ्या आठवड्यात घाबरून गोळी सोडत नाही आणि मूड बिघडला तर स्वतःला दोष न देता डॉक्टरला फोन करते. ज्या बाईला आत्ताच मूल हवंय तिचा मार्ग वेगळा, तिला या गोळ्यांचा मूल होण्यासाठी काही उपयोग नाही.

आता मेसेजमधलं सगळ्यात मोठं वाक्य, 'एकदा जाळून घेतलं की संपतं'. ऑपरेशनचा फायदा होतो, याबद्दल शंका नको. २००४ मध्ये ३९ बायकांवर एक अभ्यास प्रसिद्ध झाला, सगळ्यांची दुर्बीण घातली, पण निम्म्यांचा आजार कापून काढला आणि निम्म्यांचा पहिल्या वेळी फक्त बघितला, कोणाचं काय झालं ते त्यांना सांगितलं नाही. सहा महिन्यांनी कापून काढलेल्यांपैकी ८० टक्के बायकांना बरं वाटत होतं, नुसतं बघितलेल्यांपैकी ३२ टक्के. मला यातले तीनही भाग महत्त्वाचे वाटतात, ऑपरेशनने बहुतेकींना फरक पडला, नुसत्या दुर्बिणीनेही काहींना काही काळ बरं वाटतं, आणि आजार नीट काढूनही पाचातल्या एकीला फरक पडला नाही. त्या पाचवीचं काय, हे ऑपरेशनच्या आधी बोलणारा सर्जन हवा.

जाळणं आणि कापून काढणं यातही फरक आहे. वरवरच्या ठिपक्यांत दोन्हींपैकी काय सरस यावर तज्ज्ञांत अजून वाद आहे, पण खोल रुतलेली गाठ वरून जाळली तर मुळं तशीच राहतात. अमेरिकेत ओरेगॉनमधल्या बेंड या शहरात डेव्हिड रेडवाइन नावाच्या सर्जननी अनेक वर्षं हेच लावून धरलं होतं की आजार काळ्या-निळ्या डागांपुरता नसतो, पांढरा, लाल, अगदी पारदर्शकही असतो, तो ओळखून कापून काढा. चॉकलेट सिस्टमध्ये सुई घालून नुसतं पाणी काढलं तर ती बहुतेक परत भरते, आणि पूर्ण काढताना अंडाशयातली चांगली बीजंही थोडी जातात, म्हणून मूल हवं असलेल्या बाईची एएमएच, म्हणजे अंडाशयात बीजं किती उरलीत याचा अंदाज देणारी रक्ततपासणी, आधी बघायला हवी आणि एकाच अंडाशयावर पुन्हा पुन्हा ऑपरेशन टाळायला हवं. आतडं गुंतलेलं असेल तर आतड्याचा सर्जन त्याच दिवशी टेबलपाशी हवा, आणि काही काळ पोटावर शी गोळा करणारी पिशवी लावावी लागू शकते हे बाईला भूल द्यायच्या आधी माहीत हवं, जाग आल्यावर नाही. किडनीतून मूत्राशयाकडे जाणारी मूत्रनलिका दाबली गेली असेल तर किडनी काही न दुखता खराब होऊ शकते, म्हणून खोल आजारात किडनीची सोनोग्राफीही बघून घ्या. आणि आजार परत येतो. अंदाज ४० ते ५० टक्क्यांपर्यंत जातात, पाच वर्षांत, म्हणून मूल नको असेल तर ऑपरेशननंतरही गोळी चालू ठेवायला सांगतात. अजून एक, स्टेज १ ते ४ या दुखण्याच्या पायऱ्या नाहीत. स्टेज ४ वाली बिनदुखता फिरते आणि स्टेज १ वाली रांगत बाथरूमला जाते, दोन्ही होतं.

पिशवी काढणं. हे ज्या राज्यात बसून आपण फॉरवर्ड करतोय तिथलं बीड आठवा. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीसाठी ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली, त्यात १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. त्या सगळ्यांना एंडोमेट्रिओसिस होता असं मी म्हणत नाही, कोणाला अंगावरून पांढरं जात होतं, कोणाचं ओटीपोट दुखत होतं, कोणाला पाळीमुळे खाडा झाला की मुकादम पैसे कापायचा. पण 'दुखतंय ना, मग काढून टाका' हा विचार तोच आहे. पिशवी काढली आणि बाहेरचा आजार आतड्यावर, पडद्यावर तसाच ठेवला तर दुखणं राहू शकतं. अंडाशयंही काढली तर तरुण वयातच पाळी जाते, हाडं आणि हृदय दोन्हीवर परिणाम होतो आणि मग बऱ्याच जणींना हार्मोन बाहेरून घ्यावे लागतात. मूल नको आहे, बाकी सगळं करून झालंय, किंवा ॲडेनोमायोसिसने, म्हणजे अस्तरासारखा टिश्यू गर्भाशयाच्या स्नायूतच शिरल्याने, पिशवीच सुजलीये, अशा बाईला या ऑपरेशनने सुटका मिळू शकते, तिने विचार करून घेतलेला निर्णय असेल तर कोणी तिला नावं ठेवू नयेत. फक्त दिसणारा सगळा आजार त्याच वेळी काढणार का, अंडाशयं ठेवणार का, हे दोन प्रश्न सही करण्याआधी विचारा आणि उत्तर कागदावर लिहून घ्या.

राहिला कीगलचा सल्ला. दिसायला निरुपद्रवी आहे म्हणून कोणी त्यावर बोलत नाही. वर्षानुवर्षं दुखणाऱ्या बायकांचे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू बरेचदा आधीच आवळलेले असतात, दुखेल या भीतीने शरीर ते धरून ठेवतं. कीगलमध्ये तेच स्नायू अजून आवळायचे असतात, मग बसताना दुखणं, लघवी अडकत होणं, संबंधाच्या वेळी दुखणं हे सगळं वाढू शकतं. त्यांना उलट सैल सोडायला शिकावं लागतं, पोटात खोल श्वास, मांड्या फाकवून आडवं पडणं, आणि हे शिकवणारे पेल्विक फ्लोअरचे फिजिओथेरपिस्ट पुण्या-मुंबईत आता भेटतात. भाचीला तिच्या फिजिओने पहिल्या भेटीत एवढंच करायला लावलं, बसल्या जागी श्वास घेताना खालचा भाग सैल होतोय का ते ओळखायचं, आणि तिला ते आधी जमलंच नाही. त्यामुळे तुमच्या मुलीला दुखत असेल आणि तिने मेसेज वाचून कीगल सुरू केले असतील, तर ते आज थांबवायला सांगा आणि आधी कोणीतरी जाणकार माणसाकडून तपासून घ्या की तिचे स्नायू सैल आहेत का आवळलेले.