कॅमेऱ्यातले फोटो लॅपटॉपवर घ्यायचे म्हणजे डोक्याला शॉट आहे नुसता

डोकं फिरलंय आज. ज्या वस्तूचं कामच फोटो काढणं आहे तिच्यातून ते फोटो बाहेर काढणं इतकं अवघड का करून ठेवलंय या लोकांनी? बरं अडलं तर अडलं, पण कुठं अडलंय ते एक यंत्र धड सांगेल तर शपथ!

बहिणीच्या डोहाळजेवणाचे फोटो होते, सगळ्या मावश्या-काकवा ग्रुपवर मागतायत, म्हटलं टाकू पटकन. केबल लावली, कॅमेऱ्यावर चार्जिंगचा दिवा लागला आणि लॅपटॉप ढिम्म. साधा टुंग आवाजसुद्धा नाही. तर त्या केबलमधून फक्त चार्जिंग होतं! साध्या यूएसबी २.० च्या वायरीत चार तारा लागतात, दोन पॉवरच्या आणि दोन डेटाच्या, आणि कित्येक स्वस्तातल्या केबलमध्ये डेटाच्या दोन तारा घालतच नाहीत, बाहेरून दिसायला अगदी सारखी, पाकिटावर बहुतेक वेळा एक अक्षर नाही. माणूस बिचारा ड्रायव्हर सॉफ्टवेअर शोधतो, लॅपटॉप चालू-बंद करतो, शेवटी दुरुस्तीवाल्याकडे नेतो आणि तो विंडोज परत टाकून पैसे घेतो. दोष वायरीचा. चीड येते!

त्यात पिना. कुठे मिनी, कुठे मायक्रो, काही जुन्या कॅमेऱ्यांना तर कंपनीचं स्वतःचंच टोक, ती वायर हरवली की बसा शोधत. युरोपने २८ डिसेंबर २०२४ पासून नव्या डिजिटल कॅमेऱ्यांनाही टाइप-सी सक्तीचं केलं, सक्ती केल्याशिवाय कळतच नाही का यांना?

चांगली वायर मिळाली तरी संपत नाही. कॅमेऱ्याच्या मेनूत यूएसबीचा मोड असतो, मास स्टोरेज, एमटीपी, पीटीपी, आता घरातल्या माणसाने यातलं काय निवडायचं? एकात पेन ड्राइव्हसारखं मेमरी कार्ड उघडतं, दुसऱ्यात नुसतं कॅमेऱ्याचं नाव दिसतं, आत फोल्डर कधी रिकामं कधी अर्धं, आणि कॉपी चालू असताना कॅमेरा बॅटरी वाचवायला स्वतःहून बंद पडला की परत पहिल्यापासून. वाय-फायचं तर नावच काढू नका, कित्येक अॅप २४ मेगापिक्सेलचा फोटो बारीक करून २ मेगापिक्सेलचा पाठवतात आणि मूळ साइजचं सेटिंग कुठेतरी खोल पुरलेलं असतं.

नंबरांचंही तेच. फोटोच्या नावात शेवटी चारच आकडे, १९९८ सालच्या नियमापासून तसंच चालू आहे, त्यामुळे ९९९९ झाले की परत ०००१. जुन्या फोल्डरमध्ये नवे फोटो टाकले की विंडोज विचारतं, रिप्लेस करू का? घाईत हो म्हटलं की आधीचे गेले.

पण सगळ्यात जास्त संताप येतो तो फॉरमॅटच्या खिडकीचा. कार्ड काढून कार्ड रीडरमध्ये घातलं तर लॅपटॉप म्हणतो डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल. अरे का?? कार्डाला काहीही झालेलं नसतं बऱ्याचदा. ३२ जीबीच्या वरचं कार्ड एक्सफॅट नावाच्या फाइल साठवायच्या पद्धतीत असतं आणि जुन्या कॉम्प्युटरला ते वाचता येत नाही, किंवा रीडर जुना असतो, किंवा पिनेवर नुसती धूळ असते. म्हणजे वाचता येत नाहीये यांना, आणि मागतायत काय तर पुसायची परवानगी! ज्याला इंग्रजी जेमतेम येतं असा माणूस काय करणार, समोर आलेलं बटण दाबणार. लोकांचे लग्नाचे, बारशाचे, गेलेल्या माणसांचे फोटो असतात त्यात.

ही खिडकी आली तर काही झालं तरी कॅन्सल करा. कार्ड बाहेर काढा, दुसऱ्या रीडरमध्ये, दुसऱ्या कॉम्प्युटरवर बघा, परत कॅमेऱ्यात घालून फोटो दिसतायत का ते बघा. चुकून फॉरमॅट झालंच तर त्या कार्डावर एकही नवीन फोटो काढू नका, रिकव्हरीच्या सॉफ्टवेअरने पुष्कळदा परत मिळतात. पण हे मी का सांगायचं? "कार्ड वाचता येत नाही, आतले फोटो सुरक्षित असू शकतात, आधी दुसरा रीडर वापरून बघा" एवढं त्याच खिडकीत लिहायला काय जातं यांचं? इतकी वर्षं झाली, कोणालाच लिहावंसं वाटलं नाही?