आधी फ्लेक्स, मग मेडिकल

पोरगं बारावीला बसलं की पहिलं काम फ्लेक्सचं करा, जीभाऊ. चौकातला खांब रिकामा दिसला की धरून ठेवायचा, एकदा गणपती आले की पुढारी मंडळी बोटभर जागा सोडत नाहीत. वर ठळक अक्षरांत 'खान्देशचे भावी पायलट', मध्ये गॉगल घातलेला पोराचा फोटो, कडेनं मामा-काका आणि समस्त मित्र परिवार, मागे फ्लेक्सवाल्याच्या कॉम्प्युटरात जे सापडेल ते विमान. बहुधा चार इंजिनांचं जंबो निघतं. निघू द्या. पोरगं शिकणार ते एका पंख्याच्या सेसनावर, हे चौकात कोणाला ठाऊक आहे?

फ्लेक्स लागला की मग संस्था शोधायची. एक धोका आधीच सांगतो. धुळ्याला खेटून गोंदूरची धावपट्टी आहे आणि तिथे बॉम्बे फ्लाइंग क्लबची विमानं शिकाऊ पोरांना घेऊन उडतात. क्लब १९२८ सालचा. जे. आर. डी. टाटा त्याच क्लबात शिकले आणि १९२९ मध्ये त्यांनी देशातला पहिल्या क्रमांकाचा वैमानिक परवाना घेतला. हे ऐकून तुम्हाला वाटेल, मोटारसायकल काढावी, गोंदूरला जावं, तिथल्या पोरांना चहा पाजून चार गोष्टी विचाराव्यात. असला मोह आवरा. कपाशी निंदणाऱ्या बाया ज्या विमानाकडे मान वर करूनही पाहत नाहीत, त्याची माहिती काढायला जाणं आपल्या इभ्रतीला शोभत नाही. पिकतं तिथे विकत नाही ही म्हण उगाच पडलेली नाही.

त्यापेक्षा हॉटेलातल्या सेमिनारला जा. समोसा असतो, एसी असतो. मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकलेला असताना एसी हा निर्णयातला मोठा मुद्दा आहे. स्टेजवर खांद्याला चार सोनेरी पट्ट्या लावलेले सर असतात. चार पट्ट्या म्हणजे कॅप्टन. कॅप्टनसाहेबांनी कोणतं विमान, कोणत्या कंपनीत आणि किती तास चालवलं, हे विचारणं म्हणजे लग्नात नवऱ्या मुलाचा सातबारा मागण्यासारखं आहे. ते पडद्यावर दाखवतील की २०२३ मध्ये एअर इंडियानं ४७० आणि इंडिगोनं ५०० विमानं मागवली. आकडे खरे आहेत. ती विमानं टप्प्याटप्प्यानं कित्येक वर्षांत येणार, हेही खरं आहे. पण तोवर समोसे संपलेले असतात.

माहितीपत्रकात लिहिलेलं असतं: कमर्शियल पायलट लायसन्स, २०० तास उड्डाण, १८ महिने. इथे शेतकऱ्याच्या डोक्यात एक वाईट खोड असते, ती म्हणजे हिशेब. सामाईक विहिरीवर पाण्याची पाळी लावणारा माणूस लगेच बोटं मोजायला लागतो. समजा संस्थेकडे विमानं सहा. त्यातली दोन सुट्या भागांची वाट पाहत शेडमध्ये उभी. उरली चार. एकेक विमान दिवसाला पाच तास उडालं, तर झाले वीस तास. पोरं ऐंशी. म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला रोज पाव तास. २०० तास पुरे व्हायला ८०० उडते दिवस लागतील, आणि त्यात पावसाळा, धुकं, इन्स्ट्रक्टरची रजा धरलेली नाही. असा हिशेब डोक्यात येऊ लागला तर लगेच दुसरा समोसा घ्या. नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए, २०२५ पासून उड्डाण संस्थांची प्रतवारी जाहीर करू लागलं आहे आणि पहिल्या यादीत वरचा 'ए' वर्ग एकाही संस्थेला मिळाला नाही. ही यादी फुकट वाचता येते. फुकटच्या वस्तूला किंमत नसते, सोडून द्या.

आता मेडिकल. हे सगळ्यात शेवटी करायचं. डीजीसीएनं नेमलेल्या डॉक्टरकडे आधी क्लास टू, मग क्लास वन अशी तपासणी असते आणि तिथे नापास झालं की पुढचं सगळं खुंटतं. तेव्हा इतकी अशुभ गोष्ट फी भरण्याआधी कोण करेल? आमच्या घरी आम्ही अगदी रीतीनं वागलो. भाचा नंदुरबारचा. पहिला हप्ता भरला, युनिफॉर्म शिवला, श्रावणात कानबाईच्या रोटांना, म्हणजे आमच्या कुळाच्या सणाला, सगळ्या भाऊबंदांसमोर त्याला तो घालून उभा केला. मग डॉक्टरनं त्याच्यापुढे रंगीत ठिपक्यांचं पुस्तक धरलं. ठिपक्यांमध्ये आकडा लपलेला असतो, तो वाचायचा. भाचा म्हणाला, "कुठे आहे आकडा?" लाल-हिरव्या रंगाचा घोळ. तेव्हा कुठे आमच्या मावशीला आठवलं की पोरगं लहानपणी मिरची निवडायला बसवलं की लाल ढिगात हिरव्या टाकायचं आणि ती त्याला कामचुकार म्हणून चार धपाटे घालायची. बारा वर्षं आधी, एक पैसा न घेता, मिरचीनं निदान केलं होतं. आम्ही फी भरून करवून घेतलं. हप्ता परत मागितला तेव्हा संस्थेनं फॉर्मच्या मागची बारीक अक्षरं दाखवली. ती मात्र भाच्याला स्वच्छ वाचता आली.

पैशाची बाजू सोपी आहे. लायसन्सला पन्नास लाख आणि वर, मोठ्या विमान कंपनीसाठी वैमानिक घडवणाऱ्या कॅडेट प्रोग्रॅमला कोटीच्या आसपास. विना तारण शैक्षणिक कर्ज साडेसात लाखांपर्यंत मिळतं. तेवढ्यात पोरगं धावपट्टीच्या निम्म्यापर्यंत जाईल. पुढच्या पैशाला तारण हवं, आणि शेतजमीन म्हटलं की बँकेचा साहेब नाक मुरडतो, कारण बँकांच्या कर्जवसुलीच्या २००२ च्या सरफेसी कायद्यानं तिच्यावर थेट जप्ती आणता येत नाही. कायदा तुमचं शेत वाचवायला बघतो. तुम्ही त्याच्यावर मात करा आणि सरळ विकून टाका. (विप्रो कंपनी अमळनेरात जन्मली; तिथे ज्यांच्या आज्यानं तिचे जुने शेअर ट्रंकेत जपून ठेवले आणि जे आता कोट्यधीश आहेत, त्यांनी हा परिच्छेद गाळावा.) एवढं झाल्यावर कोणी टाइप रेटिंगची गोष्ट काढेल. लायसन्स वेगळं आणि एअरबस किंवा बोईंग चालवायची परवानगी वेगळी, तिला आणखी पंधरा-वीस लाख. ही माहिती सेमिनारमध्ये देत नाहीत, कारण माणसाला आयुष्यात काही तरी अनपेक्षित हवं असतं.

पायलट जमत नसेल तर इतर वाटा आहेत म्हणतात. विमान दुरुस्तीचा परवाना असलेला इंजिनीयर सही करेपर्यंत दुरुस्तीला आलेलं विमान हलत नाही. पण पाहुण्यांत काय सांगणार, पोरगं मेकॅनिक आहे? ज्या भुसावळात रेल्वेच्या इंजिनाला हात लावणाऱ्याच्या घरी सोयरीक घेऊन रांग लागायची, त्या भागात आपण हे बोलतो, हे वेगळं. केबिन क्रूसाठी वर्षभराचा कोर्स करून घ्या. विमान कंपन्या निवडलेल्या मुलामुलींना स्वतःच शिकवतात, तेव्हा तोच धडा दोनदा होईल, पक्का होईल. फक्त माहितीपत्रकात 'जॉब असिस्टन्स' म्हणजे नोकरी असं वाचा. आणि फिजिक्स-मॅथ्स घेऊन बी.एस्सी. झालेल्यांसाठी विमानतळ प्राधिकरण एअर ट्रॅफिक कंट्रोलची परीक्षा घेतं, निवड झाली की शिकवतंही तेच. हे कोणाला सांगू नका. काचेच्या मनोऱ्यात बसलेल्या माणसाचा फ्लेक्स चांगला दिसत नाही.

समजा, सगळं पार पडलं. लायसन्स हातात आलं. आता नोकरीची वाट पाहताना धीर कसा धरावा, हे जळगावच्या विमानतळाकडून शिकावं. उद्घाटन २०१२ मध्ये, छोटी शहरं विमानानं जोडायच्या सरकारी 'उडान' योजनेतलं पहिलं प्रवासी विमान डिसेंबर २०१७ मध्ये, मग बंद, मग सुरू, मग पुन्हा बंद, पुन्हा सुरू. धावपट्टी काही बोलली का? पोरानंही बोलू नये. एप्रिल २०१९ मध्ये जेट एअरवेज थांबली, मे २०२३ मध्ये गो फर्स्ट. प्रत्येक वेळी हजारो तास उडालेले कॅप्टन तुमच्या २०० तासांच्या पोराच्या पुढे रांगेत येऊन उभे राहिले. रांगेत ओळखी होतात, हाही फायदाच.

या काळात पारावर कोणी ना कोणी विचारणारच, "जीभाऊ, तुना पोऱ्या काय करस?" घाबरू नका. दहावी पास आणि अठरा वर्षं पुरी असतील तर ड्रोन चालवायचा परवाना आठवडाभराच्या प्रशिक्षणात निघतो. मग पोरगं रावेरात कोणाच्याही केळीच्या बागेवर फवारणी करत उभं राहील, पाय बांधावर, डोळे आभाळात. सरकारी कागदावर त्याला रिमोट पायलटच म्हणतात, त्यामुळे तुम्ही "इमान उडावस", म्हणजे विमान उडवतो, म्हणालात तर पाप लागणार नाही. ते शेत आपलं असतं तर फवारणीचे पैसे वाचले असते, एवढंच.

चौकातला फ्लेक्स मात्र उतरवून घरी आणा. चांगला जाड असतो. उन्हाळ्यात गच्चीवर बिबडे, म्हणजे आपले ज्वारीचे पापड, वाळत घालायला त्याच्यासारखी चीज नाही. छापील बाजू खाली करून अंथरायचा, नाहीतर गॉगलचा काळा रंग बिबड्यांना लागतो.