आठ नंबरचे बूट

आज दुपारी हॉटेलात शेजारच्या टेबलावर एका मुलाच्या हातून ताकाचा ग्लास कलंडला. छातीवर 'ट्रेनी'चा बिल्ला, वय एकोणीस-वीस. टेबलावरचे गृहस्थ ताडकन उठले. "कुठून कुठून धरून आणतात ह्यांना! काही शिकवता की नाही?" मॅनेजर धावत आला आणि त्या पोराला अख्ख्या हॉलसमोर तीनदा सॉरी म्हणायला लावलं. माझा घास घशाखाली उतरेना. अजून डोकं शांत नाही, म्हणून लिहितेय.

ताक सांडल्यावर माणूस चिडणार, मान्य. पैसे मोजलेत त्याने. पण "कुठून कुठून"?

कुठून ते मी सांगते. बावीस वर्षं हॉटेलच्या बँक्वेटमध्ये, म्हणजे मोठ्या समारंभांच्या जेवणात, काढली, आता सहा वर्षं फुकट शिकवणाऱ्या एका वर्गावर सर्व्हिस, म्हणजे टेबलावर वाढायचं काम, शिकवते. मुलं जव्हार-मोखाड्याहून येतात, धारावीतून येतात, बालगृहातून येतात. बालगृहात अठरा पूर्ण झाली की बाहेर. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात एकविसाव्या वर्षापर्यंत अनुरक्षणाची, म्हणजे बाहेर पडल्यावरही आधार देण्याची, सोय आहे, पण ती प्रत्यक्ष मिळालेली मुलं माझ्या वर्गात मोजकीच आली.

जव्हारचा एक मुलगा होता. नाव लिहीत नाही. आश्रमशाळेत दहावी, घरी नागलीची भाकरी, काटा-चमचा वर्गात पहिल्यांदा हातात धरला. पण साल्व्हर, म्हणजे ग्लास न्यायचा सपाट ट्रे, धरायला दोन दिवसांत शिकला! सहा भरलेले ग्लास घेऊन जिना चढायचा, थेंब सांडायचा नाही. चौथ्या आठवड्यात तीन प्लेटा एका हातावर. मुंबईत मोठ्या हॉटेलात लागला तेव्हा आम्ही वर्गात पेढे वाटले. आणि कामाच्या तिसऱ्या आठवड्यात तो लंगडायला लागला.

शिकवायच्या योजना आहेत हो. पर्यटन मंत्रालयाची 'हुनर से रोजगार तक' २००९-१० पासूनची. आठवी पास मुलाला फी न घेता, वर विद्यावेतन देऊन स्वयंपाक नि सर्व्हिस शिकवायची. गावाकडच्या गरीब मुलांसाठी २०१४ ची दीनदयाळ उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजना. दादरचं कॅटरिंग कॉलेज तर १९५४ चं, लीलावती मुन्शींच्या पुढाकाराने बायकांच्या संस्थेने उभं केलेलं. मला त्याचा फार अभिमान आहे.

पण हात तयार झाला म्हणजे मुलगा उभा राहिला, असं समजून सगळे टाळ्या वाजवून घरी जातात. पहिला पगार महिना उलटल्यावर. तोवर नालासोपाऱ्याच्या खोलीचं डिपॉझिट कोण भरणार? लोकलचा पास? ब्रेक शिफ्ट म्हणजे अकरा ते तीन आणि सात ते अकरा. मधले चार तास त्याने कुठे बसायचं? बँक्वेट संपेस्तोवर दीड वाजतो, शेवटची विरार गेलेली असते. जव्हारचा मुलगा पहाटेच्या गाडीपर्यंत स्टेशनवर बसून राहायचा आणि अकराला पुन्हा ब्रिफिंगला हजर. वर काळे लेदरचे बूट सक्तीचे, आणि ते स्वतःच्या पैशाने!

त्याने बूट खोलीतल्या मित्राचे घातले होते. सात नंबरचे. पाय आठचा.

ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितली नाही. त्या आठवड्यात मी त्याला भेटायला हॉटेलात गेले होते. तो हातात ट्रे घेऊन लंगडत आला, आणि मी, त्याची शिक्षिका, त्याला म्हणाले, "पाय ओढत काय चालतोस? हेच शिकवलं का तुला?" तो म्हणाला, "सॉरी मॅडम." बुटांचं मला नंतर त्याच्या मित्राने सांगितलं. दोन महिन्यांत त्याने काम सोडलं, कुणालाही न सांगता. गेल्या दिवाळीत कळलं, भिवंडीकडे वीटभट्टीवर आहे.

न सांगता जाणाऱ्या पोरांचा हॉटेलवाल्यांना वैताग येतो, मलाही येतो. पण टिकणारीही असतात. बालगृहातून आलेली एक मुलगी आज गोव्यात एका हॉटेलात कॅप्टन, म्हणजे वेटरांची प्रमुख, आहे. हुशार आहेच, पण तिथे तिला पहिल्या दिवसापासून स्टाफ क्वार्टरमध्ये खाट मिळाली आणि दोन वेळचं जेवण. जव्हारचं पोरगं तिच्याहून कणभरही कमी नव्हतं.

एवढ्या मोठ्या हॉटेलांना ट्रेनीला बुटांचा एक जोड देता येत नाही? लॉबीतल्या फुलांना रोज पैसे असतात!

आज निघताना पँट्रीच्या दाराशी तो मुलगा दिसला. मी नकळत त्याच्या पायांकडे बघितलं. विचारलं, "बूट होतात का रे नीट?" तो घाबरला. "माझेच आहेत मॅडम," म्हणाला. ताकाचं काही नाही, होतं असं, एवढंच मला बोलता आलं.

सोमवारी नवी बॅच येतेय. काळे, लेदरचे, नाड्यांचे बूट हवेत. मुलांसाठी सहा ते नऊ नंबर, मुलींसाठी चार ते सहा. वापरलेले चालतील, फाटके नकोत. मेसेज करा, मी स्वतः घरी येऊन घेऊन जाईन. आठ नंबरचे असतील तर आधी सांगा.